गोव्याचा तुरुंग, चार इंग्रज कैदी आणि ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता

१/ नोव्हेंबर १५८३. होर्मुझच्या बंदरात पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. त्यांच्याजवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहाच्या नावे दिलेले पत्र होते. त्यांच्या सुटकेसाठी धावलेला पाद्री पुढे मराठी वाङ्मयात अजरामर झाला. ख्रिस्ती धर्मसेवकांनी केलेल्या कैद्यांच्या सेवेची ही कथा. 🧵

२/ त्या काळी कैद्याला पोसणे ही राज्याची जबाबदारी मानली जात नसे. घरचा डबा, ओळखीपाळखीचा आधार किंवा दानधर्म यांवरच तो जगे. समुद्रापलीकडून आलेल्या, भाषा न येणाऱ्या परदेशी माणसाला यांपैकी काहीच नसे. जामीन मिळण्यासाठीही शहरात पत असलेला हमीदार लागे.

३/ ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे ‘मिझेरिकॉर्दिया’. या शब्दाचा अर्थ करुणा. ही संस्था १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झाली आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यातही उभी राहिली. गरीब कैद्यांना अन्न पुरवणे, त्यांचे खटले पुढे सरकवणे आणि देहदंड झालेल्यांची अखेरपर्यंत सोबत करणे, ही तिची कामे.

४/ दुसरा मार्ग जेझुइट संघाचा. मे १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर इस्पितळाबरोबरच तुरुंगातही जाई. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या पत्रात त्याने तसे लिहिले आहे. १५५० च्या संघनियमात तर कैद्यांची सेवा हे संघाचे कर्तव्य म्हणूनच नोंदले गेले.

५/ आता त्या चौघांकडे वळू. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स जवाहिऱ्या, तर जेम्स स्टोरी चित्रकार. १५८० पासून पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. होर्मुझमधील एका इटालियन प्रतिस्पर्ध्याने कागाळी केली, की हे लोक पोर्तुगीज गादीवर हक्क सांगणाऱ्या दों आंतोनियोचे हेर आहेत. हेरगिरीचा संशय म्हणजे जिवाशी गाठ.

६/ गोव्यात त्यांची भाषा बोलणारा एक माणूस होता : फादर थॉमस स्टीफन्स. विल्टशायरचा हा इंग्रज ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास आला आणि साष्टीत काम करू लागला. हे कैदी येण्याच्या महिनाभरच आधी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्याने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची मनापासून स्तुती केली होती.

७/ स्टीफन्सने खटपट करून हमीदार मिळवला. आर्चबिशपच्या पदरी असलेला डच चिटणीस लिन्सखोटेन यानेही मदत केली. सुमारे दोन हजार डुकाटांच्या हमीवर २२ डिसेंबर रोजी कैदी बाहेर आले. अट एकच, शहर सोडायचे नाही. स्टोरी आधीच सुटला होता. जेझुइटांना चर्चसाठी चित्रकार हवा होता आणि तो त्यांच्या संघात दाखल झाला होता.

८/ ही करुणा निरपेक्ष होती का? लिन्सखोटेनच्या मते नाही. उरलेलेही संघात यावेत, त्यांचा पैसाही यावा, अशी जेझुइटांची अपेक्षा होती, असे तो सुचवतो. पण लिन्सखोटेन स्वतः पुढे पोर्तुगिजांच्या प्रतिस्पर्धी डचांच्या कामी आला, हेही त्याची साक्ष तोलताना ध्यानात घ्यावे. दोन्ही हेतू एकत्र नांदू शकतात.

९/ हमीतून मोकळे करण्याची विनंती व्हाइसरॉयने फटकारून लावली. उलट आणखी चौकशीची धमकी दिली. एप्रिल १५८४ मध्ये तिघेही पळाले आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा करत अकबराच्या मुलखात पोहोचले. लीड्स बादशहाच्या चाकरीत राहिला, न्यूबेरीचा मागमूस लागला नाही. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि त्याची माहिती पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांच्या कामी आली.

१०/ या चित्राची काळी बाजूही आहे. १५८३ च्याच जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी देवळे पाडल्याच्या संतापात पाच जेझुइटांना ठार केले. स्टीफन्सने त्यांचे मृतदेह मिळवून दफन केले. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि खटला न चालवताच मारले. हमीदार शोधण्याइतकीही सवड त्यांना मिळाली नाही. आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनच्या अंधारकोठड्या होत्या. तेथील कैद्याला बाहेरच्या कोणाला भेटता येत नसे.

११/ पाव शतकानंतर पुन्हा तोच प्रसंग. जहाज फुटल्यावर मालदीवमध्ये अडकलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ मध्ये गोव्याच्या तुरुंगात पडला. त्याच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत त्याने दोन नावे घेतली आहेत : स्टीफन्स आणि फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ. या दोघांनीही मराठी ओवीत पुराणे रचली. स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, तर क्रुआचे सेंट पीटरवरील पुराण १६२९ मध्ये आले.

१२/ ‘क्रिस्तपुराण’ तेव्हा रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध व्हायला १९५६ साल उजाडले. शांताराम बंडेलू यांची ती आवृत्ती पुण्यात निघाली. वाङ्मयेतिहासात स्टीफन्सची ओळख कवी आणि कोकणीचा पहिला व्याकरणकार अशी आहे. तुरुंगाच्या दारात हमीदार शोधत फिरलेला स्टीफन्स मात्र फिच आणि पिरार यांच्या प्रवासवर्णनांत भेटतो.