पंधरा सेंटिमीटरांचे जंगल

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या आग्नेयेला डार्लिंग रांगांमध्ये जॅराडेल हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते वसले लाकूडतोडीसाठी. जॅरा हा तिथला निलगिरीच्या प्रजातीतला वृक्ष. लाकूड तांबूस, जड आणि वाळवीला सहसा दाद न देणारे. लंडनच्या रस्त्यांवर जे लाकडी ठोकळे बसवले गेले, त्यांतही जॅरा होता. कुऱ्हाडीमागून गावात खाण आली. जंगलाखालच्या जांभ्या जमिनीत बॉक्साइट होते आणि १९६३ साली अल्कोआ कंपनीने ते काढायला सुरुवात केली.

बॉक्साइटची खाण खोल जात नाही. सरासरी चार-पाच मीटरचा थर काढला की यंत्रे शेजारच्या तुकड्यावर सरकतात. त्यामुळे खड्डा उथळच राहतो, पण जंगल मैलोगणती खरवडले जाते.

१९६६ पासून या खड्ड्यांवर झाडे लावली जाऊ लागली. पण कोणती? पाइन आणि पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरी. फायटोफ्थोरा सिनामोमी हा मुळे कुजवणारा रोगकारक जीव जॅराची झाडे उभ्या उभ्या वाळवत होता, म्हणून जॅरा पुन्हा लावायची धास्ती होती. गोव्यातही लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, कारण ती भराभर वाढते आणि निकस मातीत तग धरते. ढिगारा हिरवा दिसतो, माती धरून राहते; पण ते सह्याद्रीचे रान नव्हे.

जॅराडेलच्या परिसरात १९८८ पासून धोरण बदलले. लावायचे ते स्थानिकच, आणि नुसते वृक्ष नव्हेत, तर त्यांच्याखालची झुडपे, कंद, गवतासारख्या वनस्पतीही. या जंगलाची खरी श्रीमंती त्या खालच्या थरातच आहे.

हे सगळे रोपवाटिकेतून आणणे अशक्यच. उत्तर पायाखाली होते. वरच्या सुमारे पंधरा सेंटिमीटर मातीत जंगलाच्या बिया साठलेल्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेक तर वरच्या पाचच सेंटिमीटरांत. ही माती ढीग करून ठेवली की बिया मरतात. म्हणून एका तुकड्यावरून ती खरवडायची आणि खोदकाम संपलेल्या दुसऱ्या तुकड्यावर लगेच पसरायची, अशी पद्धत रुळली. त्याआधी यंत्रांच्या वजनाने दगडासारखा घट्ट झालेला तळ दीड मीटरपर्यंत फोडायचा, तोही उताराला आडवा, म्हणजे पावसाचे पाणी माती घेऊन पळत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि छायाचित्रात देखणे दिसत नाही. सारे यश मात्र त्यावरच उभे आहे.

तरी काही बिया उगवतच नव्हत्या. १९९५ साली पर्थच्या किंग्ज पार्कमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अनेक वनस्पतींच्या बियांना जाग येते ती धुराने. वणव्यांच्या प्रदेशात युगानुयुगे वाढलेल्या या बिया धुराची वाट पाहत होत्या. मग धूर दिलेले बियाणे पेरणीत आले. त्यानेही न उगवणाऱ्या जाती ऊतिसंवर्धनाने वाढवून हातांनी लावल्या गेल्या. २००१ साली पंधरा महिन्यांच्या लागवडीत वनस्पतींच्या जातींची सरासरी संख्या शेजारच्या न खोदलेल्या जंगलाइतकी भरली.

हे मोठे यश आहे आणि ते मान्य करायलाच हवे. पण जातींची संख्या म्हणजे जंगल नव्हे. नव्या लागवडीत झाडे फार दाट उगवली, त्यांची विरळणी करावी लागते. तिथले काळे काकाकुवे जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटी करतात, आणि अशी ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागतात. ती कोणत्याही पेरणीत येत नाही. म्हणून जुने जंगल खोदण्याआधी दहादा विचार करणे, हाच जॅराडेलचा अर्धा धडा आहे.

उरलेला अर्धा आपल्या कामाचा आहे. खाणीची वरची माती वेगळी काढून पुनर्वसनासाठीच वापरावी, असे भारतातल्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत १९८८ पासून लिहिलेले आहे. तेव्हा कोकणात, चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत खाणीची जनसुनावणी होईल तेव्हा किती झाडे लावणार, एवढेच विचारून थांबू नका. वरची माती कुठे जाणार, किती दिवसांत परत पसरली जाणार आणि लागवडीत स्थानिक जाती कोणत्या असणार, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.