विकृतिजन्य अस्थिभंग (ऑस्टिओसार्कोमातील)
कर्करोगाने पोखरलेले हाड किरकोळ धक्क्याने, कधी नुसत्या चालण्यानेही मोडणे. ऑस्टिओसार्कोमा हा मुलांत व किशोरवयीनांत सर्वाधिक आढळणारा हाडाचा प्राथमिक कर्करोग. तो बहुधा गुडघ्याजवळ, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाशी होतो. दंडाच्या हाडाचे वरचे टोक त्याखालोखाल. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत असा अस्थिभंग होतो.

हाड मोडताच साकळणाऱ्या रक्ताबरोबर कर्कपेशी भोवतालच्या स्नायूंत पसरू शकतात. त्यामुळे पूर्वी अवयवच्छेदन हाच मार्ग मानला जाई. शस्त्रक्रियेआधीच्या केमोथेरपीने हे चित्र पालटले. औषधांनी गाठ आटोक्यात आली आणि ती निरोगी ऊतींच्या पुरेशा आवरणासह काढता आली, तर अनेकांचा हात किंवा पाय वाचवता येतो. निवडक रुग्णांत अवयव वाचवल्याने आयुर्मान घटल्याचे दिसत नाही. तरीही अस्थिभंग झालेल्यांचे जगण्याचे प्रमाण एकंदरीत कमी आढळते. मात्र अस्थिभंग हेच त्याचे कारण, की तो मुळातच आक्रमक गाठीचे लक्षण, यावर मतभेद आहेत. फुप्फुसांतील प्रसार आणि केमोथेरपीला मिळणारा प्रतिसाद यांचे वजन आजाराच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधताना अधिक धरावे लागते.

खरा घात होतो तो साधा अस्थिभंग समजून सळई बसवल्याने. त्यामुळे कर्कपेशी हाडाच्या मज्जापोकळीभर पसरतात. म्हणून क्षुल्लक कारणाने हाड मोडलेल्या, त्याआधी रात्री दुखण्याची तक्रार करणाऱ्या मुलाची क्ष-किरण प्रतिमा बारकाईने पाहून, शंका असल्यास एमआरआय व बायोप्सी होईपर्यंत अवयव प्लास्टरने स्थिर ठेवतात.