वाजपेयींचा चीन दौरा, १९७९

भारताचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी (१९२४–२०१८) यांनी फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनच्या लोक-प्रजासत्ताकास दिलेली अधिकृत भेट. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर भारतीय परराष्ट्रमंत्र्याने त्या देशास दिलेली ही पहिलीच भेट होय. सतरा वर्षे खंडित झालेला उच्चस्तरीय संवाद तीमुळे पुन्हा सुरू झाला. परंतु भेट चालू असतानाच चीनने व्हिएटनामवर आक्रमण केल्याने ती अपुरी राहिली व वादग्रस्तही ठरली.

पार्श्वभूमी : १९५४ च्या पंचशील कराराने दृढ झालेले भारत-चीन संबंध तिबेटमधील १९५९ चा उठाव, दलाई लामांना भारताने दिलेला आश्रय आणि सीमावाद यांमुळे बिघडत गेले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांची एप्रिल १९६० मधील दिल्ली भेट निष्फळ ठरली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मधील युद्धात भारताचा पराभव झाला. पश्चिम विभागातील अक्साई चीनचा सु. ३८,००० चौ. किमी. प्रदेश चीनच्या ताब्यात राहिला, तर पूर्वेकडील मॅकमहोन रेषा चीनने अमान्य केली. आक्रमकास भारतीय भूमीवरून हुसकावून लावण्याचा निर्धार लोकसभेने १४ नोव्हेंबर १९६२ रोजी ठरावाद्वारे व्यक्त केला. त्यामुळे चीनशी कोणतीही तडजोड करणे पुढील सर्व शासनांना राजकीय दृष्ट्या जोखमीचे झाले.

दोन्ही देशांचे दूतावास बंद झाले नव्हते. मात्र तेथे राजदूत नव्हते. १ मे १९७० रोजी पीकिंगमधील (बीजिंग) समारंभात माओ त्से-तुंग यांनी भारताचे प्रभारी दूत ब्रजेश मिश्र यांच्याशी मैत्रीची भाषा केली. तथापि १९७१ चे बांगला देशाचे युद्ध, त्याच वर्षीचा भारत-सोव्हिएट करार आणि १९७५ मधील सिक्कीमचे विलीनीकरण यांमुळे ही प्रक्रिया लांबली. अखेर १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या शासनाने के. आर. नारायणन् यांची पीकिंग येथे राजदूत म्हणून नियुक्ती केली.

जनता शासन व निमंत्रण : मार्च १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या मोरारजी देसाई यांच्या जनता शासनाने खऱ्या अर्थाने अलिप्ततेचे धोरण अनुसरण्याची घोषणा केली. सोव्हिएट संघाशी मैत्री कायम ठेवून अमेरिका, पाकिस्तान व चीन यांच्याशी संबंध सुधारणे हा तिचा आशय होता. मार्च १९७८ मध्ये वांग पिंग-नान यांच्या नेतृत्वाखाली चिनी सद्‌भावना मंडळ भारतात आले आणि वाजपेयी यांना चीनभेटीचे निमंत्रण मिळाले. ऑक्टोबर १९७८ मध्ये ठरलेली ही भेट वाजपेयींच्या आजारपणामुळे पुढे ढकलण्यात आली.

वाजपेयी ज्या भारतीय जनसंघातून पुढे आले, त्या पक्षाने नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर सातत्याने कठोर टीका केली होती. अशा नेत्याने संवादासाठी पीकिंगला जावे, यात विसंगती दिसत असली, तरी राजकीय सोयही होती. कारण चीनपुढे नमते घेतल्याचा आरोप त्याच्यावर सहजासहजी होऊ शकत नव्हता.

चर्चा : वाजपेयी १२ फेब्रुवारी १९७९ रोजी पीकिंगला पोहोचले. परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ यांच्याशी त्यांची विस्तृत बोलणी झाली. डेंग शियाओ-पिंग व पंतप्रधान हुआ ग्वो-फंग यांनाही ते भेटले. सीमाप्रश्न न सुटल्यास परस्परविश्वास निर्माण होणार नाही, ही भारताची भूमिका त्यांनी मांडली. उलट, सीमाप्रश्न बाजूस ठेवून इतर क्षेत्रांत सहकार्य वाढवावे, असा चीनचा आग्रह होता. ईशान्य भारतातील नागा व मिझो बंडखोरांना चीनकडून मिळणारी मदत, काश्मीरविषयी चीनने घेतलेली पाकिस्तानधार्जिणी भूमिका आणि काराकोरम महामार्ग हे प्रश्नही वाजपेयींनी उपस्थित केले. बंडखोरांना मदत देणे ही आता भूतकाळातील गोष्ट आहे, असे चिनी नेत्यांनी सूचित केले. कैलास-मानससरोवराची यात्रा भारतीय यात्रेकरूंना पुन्हा खुली करावी, अशी मागणीही करण्यात आली.

व्हिएटनामवरील आक्रमण : व्हिएटनामने डिसेंबर १९७८ मध्ये कंबोडियात सैन्य घुसवून जानेवारी १९७९ मध्ये तेथील पोल पॉट यांची चीनसमर्थित राजवट उलथून टाकली होती. व्हिएटनामला धडा शिकविण्याची भाषा डेंग यांनी त्यानंतर उघडपणे केली होती. १७ फेब्रुवारी रोजी चिनी सैन्याने व्हिएटनामच्या उत्तर सीमेवर हल्ला केला. त्या वेळी वाजपेयी हांगजौ येथे होते. यजमानांनी त्यांना याची पूर्वकल्पना दिली नव्हती. उर्वरित कार्यक्रम आटोपता घेऊन ते मायदेशी परतले.

भारताचे व्हिएटनामशी निकटचे संबंध होते. व्हिएटनामचे पंतप्रधान फाम व्हान डाँग वर्षभरापूर्वीच दिल्लीस येऊन गेले होते. शिवाय धडा शिकविण्याच्या भाषेने १९६२ च्या जखमेवरील खपली निघाली. दौऱ्याची वेळ चुकली, अशी टीका विरोधकांनी केली. भारताने आक्रमणाचा निषेध करून चिनी सैन्य माघारी घेण्याची मागणी केली. चीनने मार्चच्या मध्यापर्यंत सैन्य मागे घेतले. परंतु भारतातील अविश्वास दीर्घकाळ टिकला.

फलनिष्पत्ती व मूल्यमापन : या भेटीत कोणताही करार झाला नाही, त्यामुळे ती अयशस्वी ठरली, असे मत अनेकदा मांडले जाते. तथापि तिचे परिणाम पुढील दशकात दिसून आले. जून १९८१ मध्ये हुआंग हुआ भारतात आले. त्याच वर्षी कैलास-मानससरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबरपासून सीमाविषयक अधिकृत बोलण्यांना प्रारंभ झाला. राजीव गांधी यांची डिसेंबर १९८८ मधील भेट आणि नरसिंह राव यांच्या काळातील १९९३ चा सीमेवर शांतता राखण्याचा करार हे याच मार्गावरील पुढील टप्पे होत. जून २००३ मध्ये वाजपेयी स्वतः पंतप्रधान म्हणून चीनला गेले, तेव्हा सीमाप्रश्नासाठी विशेष प्रतिनिधी नेमण्याचे ठरले. भारताचे पहिले विशेष प्रतिनिधी ब्रजेश मिश्र हेच होते.

सीमाप्रश्न सुटेपर्यंत इतर संबंध थांबवावयाचे, की ते वाढवीत राहून तो सोडवावयाचा, हा १९७९ च्या चर्चेतील मूळ मतभेद होता. पुढे भारताने प्रत्यक्षात दुसरा मार्ग स्वीकारला. त्याने अनेक वर्षे सीमेवर सापेक्ष शांतता लाभली. परंतु प्रश्न मिटला नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीत २० भारतीय सैनिकांना वीरमरण आले, तेव्हा पहिल्या मार्गाचा आग्रह पुन्हा पुढे आला. संवाद आवश्यक असला, तरी तो विश्वासाची जागा घेऊ शकत नाही, हे या अपुऱ्या दौऱ्याने दाखवून दिले.