खिशातले दोनशे डॉलर

वर्किंग हॉलिडे पद्धतीच्या व्हिसाची तयारी करणारा प्रत्येक जण आधी एका आकड्यापाशी थांबतो. ब्रिटनच्या इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमला तो २,५३० पौंड आहे. तेवढे पैसे तुमच्या खात्यात सलग २८ दिवस हवेत, मध्ये एक दिवसही शिल्लक त्याखाली जाता कामा नये. आपण सायन्सवाले. आकडा दिसला की तो कुठल्यातरी हिशोबातून आला असणार, असं धरूनच चालतो. राहण्याजेवण्याचा खर्च काढला असेल, वगैरे.

कधीकधी तसं असतंही. पण १९०८चा कॅनडा बघा. आशियातून येणाऱ्या माणसाने बंदरावर उतरताना २०० डॉलर दाखवले पाहिजेत, असा नियम तिथे त्या वर्षी निघाला. त्याआधी २५ डॉलरवर भागत असे. महागाई काही एका रात्रीत आठपट झाली नव्हती!

मग २०० कुठून आले? याचं उत्तर आकड्यात नाही, सवलतींमध्ये आहे. जपानशी कॅनडाचा वेगळा समझोता होता, त्यामुळे जपानी लोक यातून सुटत. चिनी माणसांवर ५०० डॉलरचा डोईपट्टी कर आधीपासूनच होता. उरले कोण? मुख्यतः भारतीय. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे ‘भारतीयांना बंदी’ असं कायद्यात उघड लिहिणं लंडनला अडचणीचं होतं. म्हणून नाव न घेता रक्कम लिहिली. जोडीला मायदेशातून सलग प्रवास करूनच यावं, अशी दुसरी अट घातली. भारतातून तशी सोय जवळजवळ नव्हतीच.

१९१३मध्ये ‘पनामा मारू’ जहाजावरून आलेल्या भारतीयांच्या खटल्यात न्यायाधीश गॉर्डन हंटर यांनी हे आदेश रद्द ठरवले. कारण काय, तर आदेशातले शब्द मूळ कायद्यातल्या शब्दांशी जुळत नव्हते. सरकारने जानेवारी १९१४मध्ये शब्द दुरुस्त करून आदेश पुन्हा काढले. त्याच वर्षी २३ मे रोजी ३७६ प्रवाशांची ‘कोमागाता मारू’ व्हँकुव्हरला पोचली आणि दोन महिन्यांनी बहुतेक सगळ्यांना घेऊन परत फिरली.

दुसरी बाजू आपल्याकडची. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची इतकी टंचाई होती की घरी पैसा असला तरी तो बाहेर नेता येत नसे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकायला गेलेले प्राध्यापक खिशातल्या आठ डॉलरची गोष्ट सांगतात ना, ती याच काळातली. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम आणली, वर्षाला २५,००० डॉलरची. आज ती मर्यादा २,५०,००० आहे.

आता पुन्हा २,५३० पौंडांकडे. अशाच ब्रिटिश व्हिसावर येणाऱ्या कॅनेडियन मुलालाही तेवढेच पैसे दाखवावे लागतात. म्हणजे रकमेतला भेद गेला. पण भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा, त्याही बॅलटने, आणि वर पदवीची अट. कॅनेडियन मुलाला बॅलटही नाही आणि पदवीही लागत नाही. माझ्या मते चाळणी अजून आहे, फक्त ती बँक स्टेटमेंटमधून उठून दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली आहे.