उदो, उदक आणि उज्ज

नवरात्रात कोल्हापुरात ‘अंबाबाईच्या नावानं उदो उदो’ इतक्या वेळा कानी पडतं, की ‘उद’ म्हटलं की मन आधी तिकडेच धावतं. तो उदो ‘उदया’तला, त्यातला उद् म्हणजे वर. इथे विषय आहे उदकातल्या उदाचा. ध्वनी सारखा असला तरी कूळ वेगळं.

या दुसऱ्या उदाचा गोतावळा मोठा आहे. समुद्र त्यातलाच, यास्काने निरुक्तात दिलेल्या समुद्राच्या व्युत्पत्तींपैकी एक या उदाच्या मूळ अर्थाशी, म्हणजे भिजवण्याशीच जोडलेली आहे. पाणमांजराला संस्कृतात उद्र म्हणतात, तेही याच घरचं. इंग्रजांचं वॉटर आणि ग्रीकांचं ‘हायडोर’, म्हणजे पाणी, हे लांबचे भाऊबंद. या हायडोरपासूनच हायड्रोजन हे नाव घडलं.

कॅव्हेंडिशने 1766 मध्ये या वायूला ‘ज्वलनशील हवा’ म्हटलं होतं. तो जळला की पाणी तयार होतं, हे लाव्हाझिएने 1783 मध्ये दाखवलं आणि 1787 च्या नव्या फ्रेंच परिभाषेत त्याचं नाव पडलं ‘पाणी जन्माला घालणारा’. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात मात्र याच वायूला ‘उज्ज’ म्हणत. उद् अधिक ज, संधी होऊन उज्ज. या शब्दाचा सरळ विग्रह केला तर पंकज जसा चिखलात जन्मलेला, तसा उज्ज पाण्यात जन्मलेला. फ्रेंचांनी ज्याला पाण्याचा बाप ठरवलं, तो मराठीत पाण्याचं लेकरू झाला! मला हा शब्द फार आवडतो आणि तो आपण टाकून दिला याचं वाईट वाटतं.

कारण हायड्रोजनची आज गाजणारी गोष्ट उज्जचीच, म्हणजे पाण्यातून जन्मण्याचीच आहे. जून 2023 मध्ये फ्रान्समधल्या ल क्रोआझिकच्या किनाऱ्यापासून सुमारे 20 किलोमीटर आत, ‘सीलाइफ’ नावाच्या तरंगत्या फलाटावर समुद्राच्याच पाण्यापासून हायड्रोजन तयार झाला. शेजारी तरंगती पवनचक्की आणि फलाटावर एक मेगावॉटचं, विजेने पाणी फोडणारं विद्युत अपघटन यंत्र. एक किलो हायड्रोजनला निदान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि साधारण पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. समुद्रातच गॅस तयार झाला, तर किनाऱ्यापर्यंत विजेच्या तारेऐवजी नळ टाकता येतो.

पवनचक्की हा शब्दही थांबून पाहावा असा. चक्की पिठाची, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवरची ही पाती काही दळत नाहीत, तरी नाव टिकलं. पवन मात्र ‘पू’ धातूचा, म्हणजे शुद्ध करणारा. पावन आणि पवित्र त्याचेच सोयरे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांना आपण खारे वारे म्हणतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्यांना मतलई. अरबीत मत्ला म्हणजे उगवण्याची जागा, पूर्व दिशा. गझलेचा मतलाही तोच. कोकणच्या किनाऱ्यावर जमीन पूर्वेलाच असल्यामुळे मतलईचं नातं त्याच मत्लाशी असावं असं वाटतं. गगनबावड्याचा घाट उतरला की या वाऱ्यांचा मुलूख लागतो. केंद्राने जून 2024 मध्ये समुद्रातल्या 1000 मेगावॉट पवनविजेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. त्यातला निम्मा वाटा गुजरातचा आणि निम्मा तामिळनाडूचा. महाराष्ट्राने 2023 मध्येच हरित हायड्रोजनचं धोरण आणलं आहे, पण त्या पहिल्या हजार मेगावॉटमध्ये कोकणचा समुद्र नाही.

आता ‘हरित’विषयी. हायड्रोजनला रंग नसतो. हरित हा त्याच्या जन्माचा दाखला आहे, प्रदूषण न करणाऱ्या विजेतून झालेला. पण खारं पाणी तसंच यंत्रात घातलं तर धनाग्रावर प्राणवायूबरोबर क्लोरीनही सुटतो. हे नाव डेव्हीने 1810 मध्ये ग्रीक ‘ख्लोरोस’वरून दिलं, त्याचा अर्थ फिकट हिरवा. म्हणजे खरा हिरवा वायू तोच, आणि हरित हायड्रोजनवाल्यांना नको असतो तोही तोच. म्हणून सीलाइफवरही पाणी आधी गोडं करावं लागलं. खाऱ्या पाण्यातही क्लोरीनला मागे ठेवून प्राणवायूच सोडेल असं धनाग्र घडवण्याची जगभर खटपट चालली आहे. पाण्याच्या अपघटनासाठी पातळ थरांची विद्युतअग्रं बनवण्याचं संशोधन कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातही होत आलं आहे. त्यावरचा एखादा मराठी लेख ‘उज्ज’ हा शब्द वापरून लिहिलेला वाचायला मिळावा, अशी माझी फार इच्छा आहे.