फडाचे पाणी

अवर्षण काही आजचे नाही. पण पाणी तुटण्याआधीच त्याची वाटणी ठरवून ठेवण्याची युक्ती खानदेशातल्या शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीच साधली होती. पांझरा, मोसम अशा नद्यांवर त्यांनी बंधारे घातले, पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडले. त्या एकेका भागाला म्हणायचे फड. एका फडात एकच पीक, आणि दरसाल पिकाची पाळी बदलायची.

खरी खुबी पुढेच आहे. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी दिसले, की सारे मिळून ठरवीत, यंदा दोनच फड भिजवायचे. मग तूट सगळ्यांच्याच वाट्याला येई. कोणी एकटा बुडत नसे. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला असे, पण पाटातला गाळ काढायला सारे खातेदार हजर!

विसाव्या शतकात नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि पुष्कळ फड मोडले.

तेव्हा गुरुजी, आपल्या गावी नवा बंधारा व्हायचा असेल, तर भिंत उभी राहण्यापूर्वी ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारा. पाणी कमी पडले तर वाटणी कशी करायची? आणि दरसाल गाळ कोणी काढायचा?