तिसऱ्याची भीती

डिसेंबर १९७१ मध्ये मी पाचवीत होतो. आमचे बिऱ्हाड ठाण्याला, रुळांच्या पलीकडे, कोपरीत होते. आता 'ठाणे पूर्व' असे भारदस्त नाव मिळालेल्या त्या भागाला तेव्हा ठाणेकर नुसतेच 'पलीकडे' म्हणत. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. मध्ये जुने कोळी-आगरी गाव, आमच्यासारख्या चाकरमान्यांच्या चाळी आणि फाळणीनंतर येऊन राहिलेल्या सिंधी मंडळींची वसाहत. युद्ध सुरू झाले त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी वह्यांना घालावयाच्या खाकी कागदाचा एक गुंडा आणला, आईने खळ शिजवली आणि आम्ही भावंडांनी खिडक्यांच्या काचा मिटवल्या. शाळेला सुट्टी मिळेल की नाही, हा आमच्यापुढचा मुख्य प्रश्न होता.

पुढचे बारा-तेरा दिवस कोपरीत संध्याकाळ झाली की एक विलक्षण काळोख पडे. मोटारींच्या दिव्यांची वरची निम्मी काच काळी केलेली असे. कुणाच्या दारातून उजेडाची रेघ बाहेर आली, तर गस्तीवरची पोरे खालून ओरडत, "ए, लाइट!" त्या अंधारात अफवांना मात्र लख्ख दिसत असावे. तुर्भ्याला अणुभट्टी आहे, तुर्भे आपल्याच खाडीच्या तोंडाशी आहे, तेव्हा बॉम्ब चुकला तर कोपरीवरच पडणार, असे आमच्या जिन्यावर एका गृहस्थांनी गणित मांडून सिद्ध केले होते. मग बातमी आली की अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आहे. अण्णा वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. ऑगस्टमध्ये आपण रशियाशी वीस वर्षांचा करार केला होता. त्यामुळे आता भांडण ढाक्याचे राहिले नाही, ते अमेरिका आणि रशिया यांचे झाले, असे त्यांचे मत. त्या वेळेपर्यंत न घाबरलेली आई ते ऐकून घाबरली. पाकिस्तान तिला ठाऊक होते. हे तिसरे कोण, ते तिला कळेना.

शेजारच्या वसाहतीत एक सिंधी आजी राहत. सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्या रोज सकाळी जाड्या, कांदा-मिरची घातलेल्या कोकी भाजीत, संध्याकाळी त्या एका फडक्यात बांधीत आणि दिवे मालवायच्या सुमारास ते गाठोडे उंबऱ्याशी आणून ठेवीत. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडून त्याच शिळ्या कोकी घरातले लोक चहाबरोबर खात. मी एकदा अम्मांना विचारले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "बेटा, निघताना चूल पेटवायला वेळ मिळत नाही." एवढेच. हैदराबाद-सिंध ते कोपरी हा प्रवास त्यांनी त्या एका वाक्यात सांगितला होता, हे समजण्याचे माझे वय नव्हते.

पुढे इतिहासाचा नाद लागला आणि ठाण्याची जुनी हकीकत वाचताना मला आईची ती मुद्रा वारंवार आठवू लागली. कारण या खाडीकाठच्या लढाया पाहाव्यात तो समोरासमोरच्या दोघांत एक तिसरा हटकून असतो. पुष्कळदा तो प्रत्यक्ष लढतही नाही. त्याची भीती लढते.

आरंभच पाहा. वसई आणि तिच्याबरोबर साष्टी, मुंबई हा सारा प्रदेश पोर्तुगीजांना मिळाला तो डिसेंबर १५३४ च्या तहाने. देणारा गुजरातचा सुलतान बहादुरशहा. फिरंग्यांवर त्याचे प्रेम होते अशातला भाग नाही. उत्तरेकडून हुमायून बादशहा चालून येणार हे त्याला दिसत होते आणि दोन आघाड्या त्याला परवडण्यासारख्या नव्हत्या. मोगलांच्या भीतीने दिलेली ठाण्याची जमीन दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिली. मोगल येथे त्या वेळी आलाच नाही.

१७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून ठाणे घेतले. फिरंग्यांचा किल्ला अजून बांधून पुरा व्हायचा होता. चिमाजीअप्पांची ही मोहीम आणि १७३९ च्या मे महिन्यातील वसईचा विजय आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा त्यावर मी शाई खर्च करीत नाही. मला त्यातले कुतूहल आहे ते माहीमच्या खाडीपलीकडे बसून हे सारे पाहणाऱ्या मुंबईकर इंग्रजांचे. वेढ्यात सापडलेल्या वसईने त्यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला आणि कर्जासाठी देवळातली चांदी तारण घेतली. पण वसई पडताच तेच घाबरले. एक कप्तान चिमाजीअप्पांकडे, दुसरा साताऱ्याला शाहूमहाराजांकडे अशी वकिली धावपळ झाली. आणि मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणण्याची तजवीज केली. शेजाऱ्याचे घर जळताना पाण्याचा भाव करणाऱ्यांनी नंतर स्वतःच्या अंगणात विहीर खणावी, तसा हा प्रकार होता.

यानंतर पस्तीस वर्षे ठाण्यावर भगवा होता. इंग्रजांची नजर मात्र साष्टीवरून हटली नाही. मुंबई बेट चिंचोळे, त्याला धान्य पिकवायला जमीन नाही, आणि बंदराच्या पाठीशी परक्याचा मुलूख. साष्टी आणि वसई मिळवा, असे विलायतेतील डायरेक्टर लिहीत असत. त्यासाठी टॉमस मॉस्टिन पुण्यास येऊन बोलून गेला. पेशव्यांनी दाद दिली नाही. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा इंग्रजांच्या दारी गेले. पण गंमत अशी की, गादीसाठी वाटेल ते करायला निघालेले दादादेखील साष्टी-वसई द्यायला प्रथम तयार नव्हते.

अशा वेळी १७७४ च्या अखेरीस मुंबईत बातमी आली की पोर्तुगीजांचे आरमार वसई आणि साष्टी परत घेण्यासाठी येत आहे.

ही बातमी म्हणजे गव्हर्नर हॉर्नबी आणि त्याचे कौन्सिल यांच्या हाती लागलेले रत्नच होते. आता साष्टी घेणे हा लोभ राहिला नाही. ती खबरदारी झाली. आपण घेतली नाही तर फिरंगी घेतील, आणि एकदा ती त्यांच्याकडे गेली की मित्रराष्ट्राकडून ती घ्यायची कशी? ही कारणमीमांसा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आले, दुसऱ्यांदा आले नाही. भीती खोटी होती असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज जहाजे खरोखरच आली, आणि मुंबई बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून त्यांच्या सेनापतीने निषेधही नोंदवला. पण खऱ्या भीतीचा सोयीस्कर उपयोग करता येत नाही, असे थोडेच आहे?

आधी पैशाने काम होते का, ते पाहिले गेले. ठाण्याच्या किल्लेदाराशी किंमत ठरवण्याची बोलणी झाली आणि घासाघीसही झाली. इतक्यात पुण्याहून जादा शिबंदी किल्ल्यात आली आणि सौदा फिसकटला. मग जनरल गॉर्डन फौज घेऊन आणि कमोडोर वॉटसन जहाजे घेऊन डिसेंबर १७७४ मध्ये खाडीत आले. तोफांनी तटाला खिंडार पडले. खंदक भरून काढण्याचा पहिला प्रयत्न मराठ्यांनी हाणून पाडला, त्यात इंग्रजांचे पुष्कळ गोरे शिपाई पडले. वॉटसन जखमी होऊन मेला. लगेच पुन्हा हल्ला झाला, किल्ला पडला, आणि आतल्या शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल झाली. इंग्रज इतिहासकारांनीच हे लिहून ठेवले आहे. त्या शिबंदीत कोण होते, कुठल्या गावचे होते, याची यादी मला कोठे मिळाली नाही. पोर्तुगीजांच्या भीतीने मराठे मारले गेले. पोर्तुगीज निषेधाचा कागद देऊन परत गेले.

मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने दादांनी गेलेले दिल्याचे मान्य केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला मुंबईकरांचा हा उद्योग पसंत पडला नाही. त्यांनी युद्ध अन्याय्य ठरविले, कर्नल अप्टनला पाठविले, १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. आणि साष्टी? ती राहिली इंग्रजांकडेच. युद्ध अन्याय्य, लूट मात्र न्याय्य, हा निवाडा पुढेही जगात अनेकदा झाला.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण १७७७ मध्ये चौलच्या बंदरात एक फ्रेंच उतरला. सँ ल्युबँ हे त्याचे नाव. आपल्या जुन्या पुस्तकांत तो सेंट लुबिन म्हणून येतो. हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील की निव्वळ धंदेवाईक साहसी, याविषयी त्याच्या हयातीतही शंका होती. नाना फडणीसांनी त्याचा पुण्यात थाटाने सत्कार केला. नानांना त्याच्या थापा कळल्या नसतील असे मानायला मी तयार नाही. त्यांना फ्रेंच नको होते. इंग्रजांच्या मनातले फ्रेंच हवे होते. ते त्यांना मिळाले. मॉस्टिन पुण्याहून धास्तावलेली पत्रे धाडू लागला: चौल फ्रेंचांना देणार, फ्रेंच पलटणी येणार. तिकडे अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध बंड चालू, फ्रान्स त्यात उतरला, आणि जुलै १७७८ मध्ये युद्धाची वार्ता येताच हेस्टिंग्जने बंगालमध्ये चंद्रनगर ताब्यात घेतले. बंगालची एक फौज तर त्याआधीच मध्य हिंदुस्थान ओलांडून मुंबईच्या मदतीला निघाली होती. नानांनी पुढे सँ ल्युबँला वाटेला लावले, पण जी भीती त्यांनी बाहुलीसारखी नाचवली, ती आता स्वतःच्या पायांवर चालत होती.

मला नानांविषयी फार आदर आहे. तरीही येथे त्यांचा अंदाज चुकला असे मला वाटते. भीती दाखवून शत्रू मागे सरेल, असे त्यांनी धरले. शत्रू पुढे आला. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये त्याची फजिती झाली, साष्टी परत करण्याचे त्याने कबूलही केले, आणि मुंबईस पोहोचताच ते कलम नाकारले. पुढची तीन वर्षे कल्याण, वसई, घाट हा सारा टापू तुडवला गेला. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले, त्याच डिसेंबरात वसई घेतली. शेवटी मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. वसई परत आली, साष्टी आणि ठाणे कायमचे गेले. त्या तहात एक कलम आहे, ते मी नेहमी दोनदा वाचतो: पोर्तुगीजांखेरीज दुसऱ्या कोणत्याही युरोपियनाला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू देऊ नये. ज्या पोर्तुगीजांच्या भीतीने ठाणे घेतले, तेच आता अपवाद ठरले. भीतीला नवे नाव मिळाले होते.

ठाण्याचा तो किल्ला आज तुरुंग आहे. तट बाहेरून दिसतो. आत जाण्याचे कारण, देवाच्या कृपेने, मला कधी पडले नाही.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट मी आईकडून ऐकली. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी कोलंबोवर, मग विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, आणि मुंबईची बायकामुले गावाकडे निघाली. मुंबईवर जपानी विमान काही आले नाही. पण १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला. चौदाशे टन दारूगोळा कापसाच्या गासड्यांसंगे एकाच बोटीत भरला होता. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, आणि 'जपानी आले' म्हणून लोक धावत सुटले. माझी आजी तेव्हा गिरगावात होती. तिने शेवटपर्यंत तो जपान्यांचाच बॉम्ब मानला. आपल्याच माणसांच्या हलगर्जीपणाने एवढे मरण येते, यापेक्षा जपानी तिला पटायला सोपे वाटले असावेत. त्याच युद्धासाठी कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित आणून ठेवले गेले. १९४९ पासून तिचे नाव उल्हासनगर. अम्मांचे दीर तेथे होते.

तुर्भ्याविषयीची आमच्या जिन्यावरची धास्ती मी वर सांगितली. ती सर्वस्वी पोरकट नव्हती असे आता म्हणावे लागते. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तान यांनी करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही. आणि १९९२ पासून दर एक जानेवारीला दोघे अशा ठिकाणांच्या याद्या एकमेकांना देत आले. वैरी भेटत नाहीत, बोलत नाहीत, पण यादी देतात. ठाण्याच्या वेढ्यालाही डिसेंबरची अखेरच होती, हा निव्वळ योगायोग. मला मात्र तो दरवर्षी आठवतो.

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेची लढाई थांबली. अमेरिकेचे आरमार नुसते येऊन गेले. कोपरीत लोकांनी पेढे वाटले. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आम्ही पोरे त्यांच्याखाली उगाचच धावलो. अण्णा पाण्याने कागद भिजवून काचांवरून काढू लागले. खळ चांगली धरली होती, कोपऱ्यांत त्याचे खाकी तुकडे कित्येक वर्षे राहिले. मी पेढे घेऊन अम्मांकडे गेलो. घरात दिवा होता, खिडकी उघडी होती. अम्मांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग खाली बसून, सकाळच्या कोकी एकावर एक रचून, फडक्याला गाठ मारली.